शेवटचा हात कोनाचा?

समस्त अमरावतीकरांना कळविण्यास अत्यंत दुःख होते की, आपल्या शहरातील रागाचा दर्जा खालावला आहे. बाब गंभीर आहे. नागरिकांनी ती उभ्या उभ्या वाचू नये, बसून घ्यावे. दयाराम मिस्त्री अमरावती सोडून गेले.

घाबरू नका, वारले नाहीत. ठणठणीत आहेत. अकोल्यात आहेत, आणि अकोलेकरांचं काय होत असेल ते अकोलेकर बघून घेतील. प्रश्न आमचा आहे. परवा मी माझी जुनी गाडी घेऊन एका चकचकीत ठिकाणी गेलो. तिथे गार हवा होती. टाय लावलेल्या एका मुलाने मला पाणी दिलं, खुर्ची दिली, गाडीकडे न बघता गाडीबद्दल गोड बोलला आणि निघताना म्हणाला, "सर, आपला अनुभव कसा होता? पाच स्टार द्याल ना?" मी म्हटलं, बाळा, अनुभव आलाच नाही. सकाळपासून इथे बसलोय आणि कुणी माझ्या अंगावर ओरडलंसुद्धा नाही. तुम्हाला माझ्या जिवाची काही पर्वा आहे की नाही?

तो हसला. त्याला वाटलं, मी विनोद केला.

बडनेरा रोडला एका निंबाखाली टिनाचं शेड होतं, त्यामागे दोन खोल्यांचं घर. शेडवर पिवळा बोर्ड: "दयाराम ब्रेक वर्क्स. ब्रेक शू, ब्रेक पाइप, ब्रेक ऑइल." आणि खाली, वेगळ्या रंगात, मागाहून लिहून घेतलेलं: "अक्कल घरूनच आणावी." बोर्डाच्या दोन्ही खिळ्यांना एक सुतळी लोंबत असायची. ती उद्घाटनाच्या दिवशीच्या झेंडूच्या हाराची. फुलं केव्हाच झडून गेली होती, पण सुतळी काढायला गेलेल्या पेंटरला दयारामभाऊंनी शिडीवर असतानाच असं काही सुनावलं होतं की, तो बिचारा खाली उतरायला तयार होईना. गाव सोडताना त्यांनी बोर्ड सोबत नेला. नेण्यापूर्वी त्यातला एक शब्द स्वतःच्या हाताने, पॉलिश पेपरने घासघासून काढून टाकला. तो का काढला, हे सांगण्यासाठीच माझा हा सगळा खटाटोप आहे.

माणूस बुटका, भुवया जाड, आणि खिशात पेनाच्या जागी पॉलिश पेपरची घडी. फक्त ब्रेकचं काम करायचे. इंजिनाला हात लावायचे नाहीत. कुणी आग्रह केला तर म्हणायचे, "इंजिन बंद पडलं तं मानूस घरी उशिरा जाते. ब्रेक बिघडला तं जातच नाही. मले दुसऱ्या कामाले टाइम नाही." गाडी आली की आधी ते चारही चाकांभोवती फिरत आणि चाकाला न लावता, थोडा दूर, उलटा हात धरत. आई पोराच्या कपाळाचा ताप बघते तसा. कुठलं चाक तापलंय, कुठलं थंड आहे, हे तिथेच कळायचं. मग ओरडायला सुरुवात.

त्यांच्या रागाचं एक व्याकरण होतं आणि ते नव्या गिऱ्हाइकाला ठाऊक नसायचं. "अबे", "गधड्या", "तुह्या अकलेचे दिवे" हे चालू असेपर्यंत काळजी नव्हती. गाडी नीट होणार म्हणून समजा. पण दयारामभाऊ शांत झाले आणि "आपण" म्हणाले की, चप्पल घालून निघावं. त्या "आपण"मध्ये माणसाचा कायमचा निकाल लागलेला असे.

माझी ओळख मात्र पहिल्या प्रकाराने झाली. माझं चष्म्यांचं दुकान आहे. तेव्हा माझ्या गाडीचे ब्रेक चालता चालता पकडायचे. गाडी रस्त्यात हट्टी बैलासारखी पाय रोवायची. मी शेडसमोर कशीबशी गाडी आणली आणि ऐटीत म्हणालो, "मिस्त्री, चारही चाकांचे ब्रेक शू बदलून टाका."

ते दुसऱ्या एका गाडीखाली होते. तिथूनच आवाज आला, "कोनं सांगतलं?"

"मीच म्हणतो."

आधी पाय, मग पोट, मग भुवया असे ते टप्प्याटप्प्याने बाहेर आले. "तुमचं काय दुकान हाये?"

"चष्म्याचं."

"उद्या मी येतो दुकानात. अन् म्हन्तो, ओ चष्मेवाले, माहे दोन्ही डोये बदलून टाका. चालन?"

मी किल्ली त्यांच्या हातावर ठेवली.

"शेवटचा हात कोनाचा लागला गाडीले?"

हा प्रश्न म्हणजे दयारामभाऊंचं सगळं शास्त्र. इतर मिस्त्री आधी चाक उघडतात. हे आधी माणूस उघडायचे. "गाडी सोताहून बिघडत नाही," ते म्हणायचे, "कोनीतरी तिचं भलं कराले जाते." मी आठवून सांगितलं की, गाडीला कुणी हात लावलेला नाही, फक्त आमच्या मेव्हण्याने काथ्याचं एक छान पायपुसणं भेट दिलंय, ते पायाखाली टाकलंय. त्यांनी दार उघडलं. पायपुसण्याची जाड कड ब्रेकच्या पेडलला अडकली होती. पेडल पूर्ण मागे येतच नव्हतं. म्हणजे मी पाय काढला तरी पायपुसणं ब्रेक दाबूनच बसायचं. चाकं तापणार नाहीत तर काय होईल? दयारामभाऊंनी मेलेला उंदीर धरावा तसं ते दोन बोटांत धरून बाहेर काढलं, त्यावरची अक्षरं रस्त्याकडे तोंड करून मोठ्याने वाचली, "सुस्वागतम! कोनाचं? यमाचं?" आणि ते शेडवर भिरकावून दिलं. पुढे कित्येक वर्षं ते टिनावर होतं. पावसात त्याला मोड आले असते तरी मी मागायला गेलो नसतो. मात्र त्या दिवसापासून मी तिथे बसायला जाऊ लागलो. चांगला राग ऐकायला मिळणं सोपं नसतं.

सगळेच प्रसंग असे हसण्यासारखे नव्हते. एकदा धारणीकडची एक प्रवासी जीप आली. आत माणसं, वर गाठोडी, मागे लटकलेली पोरं. मालक पुढे बसलेला, पांढरे कपडे, काळा गॉगल. तक्रार काय, तर उतारावर गाडी एका बाजूला ओढते. दयारामभाऊंनी चाकांना उलटा हात दाखवला. तीन चाकं गरम, चौथं थंडगार. खाली वाकून बघितलं तर थंड चाकाकडे जाणारा ब्रेकचा पाइप हातोडीने चेपून बंद केलेला.

"शेवटचा हात कोनाचा?"

ड्रायव्हरने मालकाकडे बघितलं. मालक म्हणाला, "मीच सांगतलं होतं. ते चाक घाटात जाम होऊन राहिलं होतं. पाइप ठोकून बंद केला, आता जाम नाही होत. चालते ना, बाप्पा."

"चालते" हा शब्द दयारामभाऊंसमोर कुणी उच्चारू नये. "चालते!" ते ओरडले. "मुर्दा बी चालते, चौघाच्या खांद्यावर!" आणि त्यांनी हात घालून जीपची किल्ली काढली, खिशात टाकली, आतून आपला डबा आणला आणि जीपच्या बोनटवर चढून जेवायला बसले. काम झाल्याशिवाय गाडी इथून हलणार नाही. मालक खाली उभा राहून थयथयाट करत होता. "मिस्त्री, माही ओळख वरपर्यंत हाये!"

"वरपर्यंतच धाडून राहिला ना तू लोकायले!"

निंबाखाली बसलेली एक म्हातारी इतकी हसली की तिची पानाची पुरचुंडी सांडली. सगळे हसले, मीही हसलो. पण मी जवळ होतो म्हणून मला दिसलं की, दयारामभाऊंना डब्याचं झाकण उघडता येत नव्हतं. त्या मेळघाटातल्या वळणांवर ही जीप रोज उतरत होती, तीन चाकांच्या ब्रेकवर, आणि ते आत्ता डोळ्यांसमोर बघत होते. मग खाली उतरून त्यांनी संध्याकाळपर्यंत काम केलं. जाम होणाऱ्या चाकातलं गंजलेलं पिस्टन काढून मालकाच्या हातावर ठेवलं आणि पहिल्यांदाच शांतपणे म्हणाले, "आपण आता पुन्हा इकडे येऊ नका." मला मालकाची कीव आली. माझा अंदाज असा की, त्याला काहीच कळलं नाही.

आता त्यांच्या भावाची गोष्ट. हा एकच विषय असा होता, ज्यावर ते कधी ओरडत नसत.

दयारामभाऊ मूळचे बाळापूरकडचे. घरची फुलशेती. वडील झेंडू, शेवंती, निशिगंध लावायचे आणि एका जुन्या पांढऱ्या गाडीत भरून अकोल्याला न्यायचे. थोरले भाऊ गुलाबराव वडिलांबरोबर राहिले, जठारपेठेत फुलांचं दुकान टाकलं. गुलाबराव म्हणजे दयारामभाऊंच्या उलट. इतका हळू बोलणारा माणूस की, गिऱ्हाईक दोनदा विचारायचं. शेडच्या उद्घाटनाचा तो झेंडूचा हार त्यांनीच अकोल्याहून आणून, शिडीवर चढून, बोर्डाला बांधला होता.

वडील शेवटी अंथरुणाला खिळले. त्यांना उठवणं, बसवणं, भरवणं सगळं गुलाबरावांनी केलं. शेवटचं पाणीही त्यांच्याच हातून गेलं. दयारामभाऊ सवड मिळेल तसे अमरावतीहून जायचे. तेरवीला मीही गेलो होतो. अंगणात पंगत बसली होती. गुलाबराव बादली घेऊन वाढत होते. बाजूला वडिलांची पांढरी गाडी उभी होती. दयारामभाऊंची नजर तिच्याकडे जायचीच, गेली. जवळ जाऊन बघतात तर तिचा हँडब्रेक कुणीतरी फुलांच्या सुतळीने ओढून बांधून टाकलेला. हँडब्रेकचे दाते झिजून तो जागी राहत नसणार आणि कुणीतरी तिचं भलं केलं असणार. त्यांचं डोकं फिरलं. तिथून तरातरा पंगतीत आले आणि गरजले, "शेवटचा हात कोनाचा होता?"

पंगतीतला घास जागच्या जागी थांबला. गाडीकडे त्यांच्याशिवाय कुणीच बघितलं नव्हतं. तेरवीचं जेवण, समोर वडिलांचा हार घातलेला फोटो, आणि धाकटा भाऊ थोरल्यासमोर उभा राहून विचारतो आहे की, शेवटचा हात कोणाचा होता!

एक म्हातारे पाहुणे पुटपुटले, "असं इचारतेत का बाप्पा तेरवीले?"

गुलाबरावांनी बादली खाली ठेवली. "माहा होता," ते म्हणाले. "तू नव्हता, म्हून माहा होता." आणि घरात निघून गेले.

एका वाक्याने मिटलं असतं. मी गाडीचं विचारतोय, एवढंच म्हणायचं. दयारामभाऊंनी तोंड उघडलंही. पण सगळी पंगत त्यांच्याकडे बघत होती, आणि हळू आवाजात बोलायची त्यांना सवय नव्हती. "चला!" ते बायकोला, कुसुमवहिनींना म्हणाले. गाडी मूर्तिजापूरला आली. मग तेच म्हणाले, "मी गाडीचं इचारलं होतं."

"मंग तथीच सांगाचं होतं," वहिनी म्हणाल्या.

"मीच सांगू? सख्खा भाऊ असून त्याले समजाले नको?"

झालं. भावाने आपल्याबद्दल असं समजलंच कसं, हा यांचा राग. भावाने आपल्याला असं विचारलंच कसं, हे त्यांचं दुःख. दोघेही बरोबर होते आणि अशी भांडणं लवकर मिटत नाहीत. येणंजाणं बंद झालं. वर्षं गेली. कुणी दयारामभाऊंसमोर अकोल्याचं नाव काढलं की ते पाना खाली ठेवत आणि शांतपणे म्हणत, "आपण आपल्या कामाचं बोला." ते "आपण" ऐकून मी विषय बदलायचो. वहिनी मात्र आत जाऊन भांडी जोरजोरात ठेवायच्या.

आणि मग गेल्या उन्हाळ्यात एका दुपारी ती पांढरी गाडी शेडसमोर येऊन थांबली.

थांबली म्हणजे काय, तिने स्वतःच थांबायचं ठरवलं. रस्त्याच्या कडेला अर्धी वर, अर्धी खाली. पुढच्या चाकांतून धूर आणि जळका वास. आतून एक तरुण मुलगी उतरली, दार आपटलं, आणि टायरला लाथ मारली. ओळखायला वेळ लागला नाही. जाड भुवया. गुलाबरावांची अश्विनी. लहानपणी सुट्टीत यायची तेव्हा दयारामभाऊंना ब्रेककाका म्हणायची.

"काका, हे गाडी तुमच्याच बापानं घेतली होती ना? मंग तुमीच निस्तरा!"

दयारामभाऊ जागचे हलले नाहीत. वहिनी घरातून धावत आल्या. अश्विनीने पर्समधून एक पत्रिका काढली आणि बोनटवर आपटली. बोनट इतकं गरम होतं की तिने हात झटकला.

"लग्न हाये माहं. याचं तं या, नाहीतर नका येऊ. पहिले चाक पाहा!"

मी मनातल्या मनात टाळी वाजवली. रागाचा वारसा योग्य हातात होता.

दयारामभाऊंनी पत्रिकेकडे बघितलं, पण घेतली नाही. ते चाकाजवळ गेले आणि उलटा हात धरला. मग माझ्याकडे बघत, तिच्याशी बोलले. "कवापासून?"

"अकोल्यातून निघाली तवा बेस होती. बोरगाव सोडलं अन् पेडल दगडावानी कडक. गाडी पुढे जाऊन नाही राहिली. मूर्तिजापूरले धूर निघाला. ढाब्यावर थांबली, चहा पिली, तं मोकळी झाली. पुन्हा थोडं आली, पुन्हा जाम."

"थंडी झाली की सुटते, गरम झाली की पकडते."

"हव."

त्यांनी जॅक लावला. चाक हाताने फिरेना. त्यांनी चाकामागचं छोटं निप्पल ढिलं केलं. पिचकारी उडाली आणि चाक गरकन फिरलं. म्हणजे ब्रेकचा दाब आत कोंडला होता, परत जायला वाट नव्हती. निप्पल बंद करून त्यांनी मला पेडल दाबायला लावलं. चाक पुन्हा जाम. मग वहिनींनी पत्रिका उचलून टपावर ठेवली, ते बोनट उघडून वाकले आणि पेडलच्या पुढ्यात जो मास्टर सिलिंडर असतो, जिथून चारी चाकांना दाब जातो, त्याच्या पाइपाचा नट तिथेच ढिला केला. चाक पुन्हा सुटलं. "चाकात काही नाही," ते पुटपुटले. "पाइपात बी नाही. वरच कोनाचंतरी भलं झालं हाये." त्यांनी मास्टरच्या टाकीचं झाकण उघडलं. झाकणातलं रबर भिजत घातलेल्या चण्यासारखं टम्म फुगलेलं. ते झाकणात परत बसेना.

"कुसुम, गिलासात पानी आन."

वहिनींना वाटलं, पोरीला हवंय. त्यांनी तांब्याच आणला. दयारामभाऊंनी ग्लास भरला, टाकीतले चार थेंब बोटाने त्यात सोडले. ब्रेकमध्ये जे घालतात त्याला सगळे ऑइल म्हणतात, पण ते तेल नसतं, पाण्यात विरघळून जातं. हे विरघळलं नाही. पाण्यावर रंगीत तवंग तरंगत राहिला.

"तर्री आली," मी म्हणालो. पोह्यांवर येते अगदी तशी.

"तेल हाये," दयारामभाऊ म्हणाले. "इंजिनचं ऑइल टाकलं कोनीतरी ब्रेकमधी. आतले सगळे रबर फुगले. दाब परत जाचं भोक बंद करून टाकलं." ते वळले आणि सवयीने तोंडून निघालं, "शेवटचा हात..."

आणि ते थांबले. तेरवीपासून हा प्रश्न त्यांनी त्या घरातल्या कुणाला विचारला नव्हता.

अश्विनीने त्यांच्या डोळ्यात बघितलं. "बाबाचा," ती म्हणाली.

मग जो स्फोट झाला तसा मी आजवर बघितला नव्हता. हातातला पाना टिनावर जाऊन आदळला. "पोरीले हायवेवर मारून टाकत होता! मागून ट्रक आला असता तं? गाडी रोडवर मधात थांबली असती तं? हे अक्कल..."

"माह्या बापाले बोलू नका!"

"माहा भाऊ हाये तो! मी बोलन!"

वहिनींनी तोंडाला पदर लावला. इतक्या वर्षांत तो शब्द त्यांच्या तोंडून आला नव्हता. दयारामभाऊंच्या लक्षातच आलं नाही. त्यांना अजून रागवायचं होतं.

"काहून टाकलं त्यानं? जन्मात कधी बोनट उघडलं नाही त्या मानसानं!"

"मले काय मालूम? मी आईले म्हनलं, मैत्रिनीकडे चालली. गाडीत ब्रेकचा लाल लाइट लागून राहिला होता. तं गेल्या हप्त्यात बाबा सोता गेले, ऑइलचा चांगला सीलबंद डबा आनला, अन् टाकून देल्लं. म्हने, पोरीले अमरावतीले जातानी मधात..."

ती थांबली. तिच्या कपाळावर आठी पडली.

"काय झालं?" वहिनी म्हणाल्या.

"मी अमरावतीचं नावच घेतलं नव्हतं."

दयारामभाऊ ग्लासातल्या तर्रीकडे बघत होते. मग त्यांनी टपावरची पत्रिका उचलली. काळा अंगठा उमटला. त्यांनी ती खिशात ठेवली, पॉलिश पेपरच्या घडीमागे.

"गाडी इथी ठेव," ते म्हणाले. "एसटीनं जाय. गाडी मी लग्नाच्या दिवशी पोचवतो. लग्नाले नाही येऊन राहिलो, सांगून ठेवतो. गाडी पोचवाले येऊन राहिलो."

"नका येऊ!" अश्विनी म्हणाली, आणि वहिनींच्या गळ्यात पडून रडली.

पुढचे दिवस त्यांनी दुसरं कुठलं काम घेतलं नाही. चारी चाकांतलं, पाइपांतलं, मास्टरमधलं रबर नि रबर काढलं. सगळे पाइप धुतले. हँडब्रेकही नवा बसवला. मी जुन्या हँडब्रेकच्या सुतळीकडे बोट दाखवलं तर म्हणाले, "चष्मेवाले, तोंडाले ब्रेक लावा." फुगलेली रबरं त्यांनी टाकून दिली. एक ठेवलं.

लग्नाच्या दिवशी ते स्वतः गाडी चालवत होते. अंगात कामाचाच शर्ट, फक्त धुतलेला. शेजारी रेशमी लुगड्यात वहिनी. मागे मी, मांडीवर आहेराची परात. गाडीत अजूनही झेंडूचा वास होता. दर थोड्या वेळाने ते गाडी कडेला घेत, उतरत आणि चारही चाकांना उलटा हात दाखवत.

"अवो, मुहूर्त हुकन!" वहिनी कळवळल्या.

"हुकू दे. चाक थंडं हाये."

मुहूर्त हुकला. आम्ही पोहोचलो तेव्हा अक्षता पडून गेल्या होत्या. मुलाकडची मंडळी जेवायला उठत होती. स्टेजवर फेटा बांधलेले गुलाबराव माइक हातात घेऊन, त्यांच्या त्या हळू आवाजात, विनंती करत होते की कोणीही जेवल्याशिवाय जाऊ नये. दयारामभाऊ दारातून आत शिरले ते सरळ स्टेजकडे. कुणाला नमस्कार नाही, कुणाकडे बघणं नाही. मी मागे मागे परात घेऊन. मला वाटलं, आता दुसरी तेरवी होणार.

गुलाबरावांनी त्यांना बघितलं. वाक्य अर्धं राहिलं. माइक तसाच तोंडाशी.

दयारामभाऊंनी रुमालाची गाठ सोडली. एका हातावर नवं रबर ठेवलं, दुसऱ्या हातावर फुगलेलं, आणि दोन्ही हात भावाच्या नाकासमोर धरले.

"हे पाय! असं पायजे. अन् हे तू केलं! ब्रेकमधी इंजिनचं ऑइल टाकते का कोनी? पोरगी मेली असती, दादा!" आवाज फाटला. तो सावरायला ते आणखी जोरात ओरडले. "अन् त्या दिवशी बी मी गाडीचंच इचारलं होतं!"

कुठला दिवस, ते मंडपात कुणालाच कळलं नाही. नवरामुलगा नवरीकडे बघायला लागला. नवरी काकांकडे बघत होती, भुवया वर करून. गुलाबरावांनी एका हातावरचं रबर बघितलं. दुसऱ्या हातावरचं बघितलं. मग भावाचा चेहरा बघितला, बराच वेळ. ज्या माणसाचा चढलेला आवाज घरच्यांनीही कधी ऐकला नव्हता, त्याचे कान फेट्याखाली लाल होत गेले. माइक चालूच होता. दोन्ही बाजूंच्या स्पीकरमधून, पंगतीत, आचाऱ्याच्या भट्टीपर्यंत आणि बाहेर जठारपेठेच्या रस्त्यापर्यंत सगळ्यांना ऐकू गेलं:

"अबे, मंग तुह्या बोर्डावर ब्रेक ऑइल काहून लिवलं?"